माझी दुरुस्ती आहे

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, आणि तिथंच मला शंका आली. हडको वसाहतीत त्याआधी जिथं जिथं गेले तिथं आधी आडनाव विचारायचे, मग माझ्याकडं एकदा नीट बघायचे, आणि मग ती खोली एकाएकी 'कालच गेलेली' असायची. मी पिशोरची, तोंडानं फटकळ. एका बाईला मी म्हणालेसुद्धा, "गेली तर गेली, पण जाताना दारावरची 'खोली भाड्याने देणे' ही पाटी का नाय नेली तिनं?"

ह्या काकांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला आणि गंभीरपणे विचारलं, "महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी आपण मोकळ्या असता का?"

मी घाबरले. खोली दाखवताना असलं कोण विचारतं?

"वाळूजला कंपनीत पहिली पाळी असती माझी. दुपारी घरीच असते. का?"

"मूलबाळ?"

"पोरगी हाय एक. प्रज्ञा. पाचवीला ही गल्लीच्या टोकाची सरकारी शाळा, तिथंच घालणार."

काका ताडकन उठले आणि आत तोंड करून ओरडले, "अहो, अनुमोदक मिळाला!"

आतून काकूंचा आवाज आला, "मिळाला ना? मग आता बसायला तरी सांगा त्यांना."

माझा नवरा फर्दापूरला हॉटेलात कामाला, आठवड्यातनं एकदा यायचा. त्याला फोनवर सांगितलं, खोली मिळाली, पण मालक जरा वेगळे हायेत. तो म्हणाला, "वेगळे म्हणजे कसे?" मी म्हटलं, "त्यांना भाड्यापेक्षा माझा हात वर झालेला पाहिजे."

त्यांचं असं होतं. काकांनी सगळी नोकरी एका सहकारी संस्थेत इतिवृत्त लिहिण्यात घालवली होती. इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोललं त्याची नोंद. बोलणारे बोलायचे, हे लिहायचे. एकदा म्हणे ह्यांच्या डोक्यावरचा पंखा कुरकुर करत खाली यायला लागला, म्हणून ह्यांनी हात वर केला. तर चेअरमन म्हणाले, "तुम्ही बोलू नका, लिहा." पंखा पडला. काकांनी ते लिहिलं. "लोकांचं बोलणं लिहिता लिहिता माझे केस गेले," असं ते टकलावर हात फिरवत सांगायचे. "आता माझं बोलणं कुणीतरी लिहावं, एवढीच इच्छा."

निवृत्त झाल्यावर त्यांना शोध लागला, की आमच्या शाळेत दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीची सभा असते. समितीत बहुतेक सगळे पालकच. सभेची सूचना फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली असते, ती वाचून गल्लीतलं कुणीही मागं येऊन बसू शकतं. आणि विषयपत्रिकेवर सगळ्यात शेवटी एक ओळ असते: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' तेव्हा कुणीही हात वर करावा आणि बोलावं. गल्लीत बाकी कुणाला हे ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी कुणी आलं नसतं. काकांना मात्र ती ओळ वाचून स्वर्ग दोन बोटं उरला.

अडचण एकच. काकांचा मुलगा मोठा होऊन पुण्याला गेलेला, म्हणजे ते पालक नव्हते. काकांच्या मते नागरिकाच्या सूचनेला एका पालकाचं अनुमोदन लागतं. हा नियम कुठं लिहिलाय ते कुणालाच माहीत नव्हतं, मला तर वाटतं तो काकांनीच केलेला होता आणि मग तेच त्यात अडकले होते. अनुमोदक नाही म्हणून त्यांचे ठराव एकामागं एक पडत गेले. शेवटी त्यांनी वरची खोली भाड्यानं द्यायची ठरवली.

तर मी त्या खोलीत राहायला गेले आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अनुमोदन द्यायला लागले.

सभा सहावीच्या वर्गात व्हायची. काका घरनं स्वतःची उशी घेऊन यायचे, कारण पोरांचे बाक अरुंद. पहिल्या बाकावर बसायचे. मी मागं मेथी निवडत बसायचे. काका ठराव मांडायचे आणि वळून माझ्याकडं बघायचे, की मी हातातली मेथीची काडी वर करून म्हणायचे, "अनुमोदन."

कशाकशाला अनुमोदन दिलं मी! शाळेची घंटा 'ठण्ण' वाजते ती 'टण्' वाजावी. राष्ट्रगीताआधी सर्व विद्यार्थ्यांनी नाक शिंकरून यावे. खिचडीला 'खिचडी' न म्हणता 'मध्यान्ह भोजन' म्हणावे, निदान ताट समोर असेपर्यंत तरी. आणि मैदानात येणाऱ्या शेळीचा बंदोबस्त व्हावा.

शेळीचा ठराव मांडला तेव्हा मात्र रामायण झालं, कारण शेळी अध्यक्षांची होती. आमच्या समितीच्या अध्यक्ष म्हणजे आपा. शाळेमागंच राहायच्या, शिवणकाम करायच्या, त्यांचा पोरगा सातवीत. त्या मोजपट्टी गळ्यात घालूनच सभेला यायच्या.

"चाचा," आपा म्हणाल्या, "मेरी बकरी कू कायकू घसीटते मीटिंग में? उने क्या मेंबर है?"

"अध्यक्ष महोदया, ती सदस्य नाही हाच माझा मुद्दा आहे. तरी ती सर्व सभांना हजर असते."

"तुम भी मेंबर नै, चाचा. तुम भी हाजिर रैते."

सगळा वर्ग हसला. काकांनी खिशातनं पेन काढलं, मुख्याध्यापक सरांकडं रोखलं आणि म्हणाले, "इतिवृत्तात घ्या!"

हे त्यांचं पालुपद. सर मान डोलवायचे, वहीत काहीतरी खरडायचे. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून दाखवायचे तेव्हा त्यात एवढंच असायचं: 'इतर विषयांवर किरकोळ चर्चा झाली.' काकांचं नाव कधीच नाही. ते ऐकताना काकांचा चेहरा लहान पोरासारखा उतरायचा, आणि मला उगाच वाईट वाटायचं. आपण मेथी निवडत बसलो तरी आपलं अनुमोदन 'किरकोळ' कसं, असाही राग यायचा.

घरीसुद्धा तेच. नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे आमच्याकडं सणासारखी धावपळ. सगळी गल्ली हंडे-बादल्या घेऊन पळतीय आणि काका अंगणात हात वर करून उभे, "आधी टाकी की आधी पिंप, याबाबत माझा एक मुद्दा आहे." काकू म्हणायच्या, "मुद्दा पिंपात घाला आणि बादली उचला." मला ते 'सन्माननीय भाडेकरू' म्हणायचे. भाजीवाल्यानं वजनात मारलं तरी त्याच्या तोंडावर "इतिवृत्तात घ्या!" भाजीवाला बिचारा म्हणायचा, "घेतो काका, कोथिंबीरपण घ्या."

आता काका-काकू पुण्याला लेकाकडं असतात. तिथल्या सोसायटीनं म्हणे सभेची सूचना लिफ्टमध्ये लावायची बंद केलीय.

असो. मुद्द्याचं सांगायचं ते पुढंच आहे.

घरात बाथरूम-संडास एकच, खालच्या मजल्यावर, जिन्याखाली. काका दुपारची झोप काढून पेपर घेऊन तिथं जायचे. एक दिवस ते वर आले, दाराशी उभे राहिले, हात वर केला. मी म्हटलं, "बोला."

"सन्माननीय भाडेकरू, आपली कन्या दररोज शाळा सुटल्यावर दप्तरासकट धावत येते आणि मी आत असताना दार बडवते. आज तर ती रडत होती. मी अग्रलेख अर्धा टाकून बाहेर आलो. हे काय आहे?"

मला प्रज्ञाचा राग आला. बोलावलं, झापलं. तशी ती एकदम भडाभडा बोलली. शाळेतल्या मुलींच्या संडासाला दिवाळीपासून कुलूप आहे. पोरांचं उघडं, मुलींचं बंद. मोठ्या मुली दिवसभर दम धरतात. तीपण धरते. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. भरलेली बाटली नेते आणि भरलेलीच आणते.

"आणि मला आता जळजळतं," ती म्हणाली. "मी उद्यापासून शाळेत जाणार नाय. तू मार नायतर काहीपण कर."

पोरीला लघवीची उन्हाळी लागली होती आणि मला, आईला, पत्ता नव्हता. काकूंनी धने-जिऱ्याचं पाणी करून दिलं, पण प्रज्ञा ते प्यायलाही तयार नव्हती. प्यायलं की जावं लागतं, हे डोक्यात इतकं बसलं होतं. पोरीनं शाळा सोडली तर ती पिशोरला आजीकडं जाणार आणि मग सगळं मुसळ केरात, हे मला लख्ख दिसत होतं.

काका दारातच उभे होते. त्यांनी हात खाली केला.

"हा विषय सभेत घ्यायला हवा," ते म्हणाले. "मात्र मांडणार कोण? मला तो... तो शब्द उच्चारणं जमणार नाही."

"कुठला शब्द?"

"तोच."

"संडास?"

काकांनी डोळे मिटले. जगातल्या सगळ्या गोष्टींवर तोंड चालवणारा माणूस, पण हा शब्द त्यांच्या तोंडातनं निघायचा नाही. घरातसुद्धा ते 'जाऊन येतो' म्हणायचे, काकूंना कळायचं.

"मी मांडते," मी म्हटलं.

शनिवारी मेथी घरी ठेवली. आयत्या वेळचे विषय आले तशी उठले. कंपनीत सुपरवायझरशी भांडणारी बाई मी, पण तिथं उभं राहिल्यावर ठरवून आणलेलं सगळं विसरले. मग म्हटलं, जाऊ दे, जे हाय ते बोलावं. "सर, पोरींच्या संडासाला कुलूप का हाय?" पुरुष पालक छताकडं बघायला लागले, जसं काय तिथं पाल फिरतीय. बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी सगळं सांगितलं, प्रज्ञाचं जळजळणंसुद्धा. मागनं एक बाई म्हणाली, "माझीपण तशीच करती हो, मला वाटलं उन्हानं असंल." मग दुसरी बोलली, मग तिसरी.

सर चांगले होते, फक्त घाबरट होते. कपाळ पुसत म्हणाले, "मॅडम, दाराची आतली कडी तुटलीय. कडी नसताना मुलींना कसं जाऊ द्यायचं? काही झालं तर माझ्यावर येईल. म्हणून कुलूप. वर कळवलंय, पण मंजुरी आल्याशिवाय मला खिळासुद्धा ठोकता येत नाही."

"म्हणजे एका कडीपायी?" मी ओरडले.

"ठराव लिहितो ना," सर म्हणाले आणि लिहिता लिहिता वाचायला लागले, "मुलींच्या स्वच्छतागृहाचे कुलूप उघडावे आणि कडीची दुरुस्ती... पण दुरुस्ती कोण करणार, हाच तर प्रश्न आहे."

त्याच क्षणी काका बाकावरनं उसळून उभे राहिले, हात ताठ वर, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझी दुरुस्ती आहे!"

सगळ्या माना काकांकडं वळल्या. मग आपांनी हळूच विचारलं, "चाचा, तुमारी?"

"हो. माझी स्वतःची."

"माशाल्ला!" आपांनी मोजपट्टीसकट टाळ्या वाजवल्या. सगळ्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. सरांचे डोळे पाणावले. "लोकसहभाग!" ते म्हणाले. "लोकसहभागातून होणार असेल तर मंजुरीची वाट बघायला नको!"

काका गोंधळले. "नाही नाही, एक मिनिट. ठरावात 'उघडावे' असं आहे, त्याऐवजी—"

सभेच्या भाषेत ठरावातला शब्द बदलायचा असला की त्याला दुरुस्ती म्हणतात. काकांना 'उघडावे' खोडून 'उघडण्यात यावे' करायचं होतं, बस्स. इतके महिने त्यांच्या मागं बसून मला ते बरोबर कळलं होतं. त्या अख्ख्या वर्गात फक्त मला कळलं होतं. पण मी काय सोडते व्हय?

"अनुमोदन!" मी ओरडले. दोन्ही हात वर करून ओरडले.

"मंजूर!" आपा म्हणाल्या.

आणि सरांनी लिहिलं. काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, विचारून विचारून लिहिलं.

घरी आल्यावर काका ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मी शब्दाची दुरुस्ती म्हणत होतो." काकू पोट धरून हसायला लागल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या, मग खाली बसल्या. "अहो, घरातला बल्ब बदलायला तुम्ही शेजाऱ्याला बोलावता!"

मला जरा दया आली. "काका, नसंल जमत तर सरांना सांगू. चुकून झालं म्हणू. कडी मी बसवते."

"छे!" काका म्हणाले. "इतिवृत्तात आलंय. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव इतिवृत्तात आलंय. ते खोटं पडू देऊ?"

रविवारी सकाळी आम्ही शाळेत गेलो. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात कडी, जशी काय सत्काराची शाल. कुलूप गंजलेलं, सरांनी खोबरेल तेल घालून कसंबसं उघडलं. स्क्रू कुठला आणि खिळा कुठला हे काकांना कळत नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा कडी बाहेरनं लावायला घेतली. मी म्हटलं, "काका, आपल्याला पोरींना कोंडायचं नाय." मग आतनं लावली. स्क्रू मी पिळले, पण पेचकस त्यांनी एकदा तरी फिरवला, नाहीतर इतिवृत्त खोटं पडलं असतं.

"आता चाचणी," काका म्हणाले. आत गेले, दार लोटलं, खट्‌ करून कडी घातली.

मग कडी निघेना.

मी बाहेरनं ढकलतीय, काका आतनं ओढतायत, सर देवाचं नाव घेतायत. गोंगाट ऐकून आपा आल्या, त्यांच्या मागनं शेळी आली. थोड्या वेळानं काका ओढायचे थांबले. आतनं आवाज आला, "दुसरी दुरुस्ती! इथं अंधार आहे!"

सर म्हणाले, "काका, आधी बाहेर या."

"तिसरी दुरुस्ती! नळ आहे, त्याला पाणी नाही! बादली नाही! खुंटी नाही, पोरींनी ओढणी काय डोक्यावर धरायची?"

"लिखो सर, लिखो," आपा म्हणाल्या. सर तळहातावर लिहायला लागले.

मग बराच वेळ आतनं काहीच नाही. आम्ही घाबरलो. मी दाराला कान लावला. काका हळू आवाजात म्हणाले, "अहो, दिवाळीपासून ह्या लेकरांनी काय केलं असेल हो?"

मी कपाळ दाराला टेकवलं.

"आणि मी घंटेबद्दल बोलत होतो," ते म्हणाले. "हा संडास बंद होता, आणि मी घंटेबद्दल बोलत होतो."

शेवटी आपांनी मला बाजूला केलं. "ढकलो नक्को, दार ऊपर कू उठाओ," म्हणत त्यांनी खांदा लावून दार उचललं आणि कडी सुटली. काका बाहेर आले. टकलाला जाळी लागलेली, शर्ट घामानं चिंब. शेळीनं त्यांच्या बाहीला तोंड लावलं, पण त्यांनी तिच्याविषयी चकार शब्द काढला नाही.

दिवस मावळायच्या आत कडी घासून नीट बसली, आपांनी घरची बादली आणून ठेवली, सरांनी टाकीवरनं नळी ओढली. खुंट्या काकांनी ठोकल्या. तिन्ही वाकड्या.

सोमवारी प्रज्ञाला शाळेत पाठवताना मला हात जोडायला लागले. "एक दिवस जा. नाय जमलं तर नको जाऊ परत." ती तोंड फुगवून गेली.

शाळा सुटायची वेळ झाली तसे काका जिन्याखाली दार उघडून उभे राहिले. पेपर नाही, काही नाही. मी ओट्यावर. काकू उंबऱ्यात. पोरं यायला लागली, गल्ली भरली, पण आमची पळत येईना. माझ्या मनात नाही नाही ते आलं.

मग ती दिसली. दोन मैत्रिणींबरोबर चिंचा खात, रमतगमत, मधेच थांबून हसत. अंगणात आली, चप्पल काढली आणि उघड्या दाराकडं न बघता सरळ काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, पाणी द्या ना. माझी बाटली दुपारीच संपली."

काकूंच्या आधी काका आत धावले. तांब्या भरून आणला, घाईघाईत अर्धं पाणी अंगणात सांडलं. प्रज्ञा तांब्या वर धरून घटाघटा प्यायली, गळ्यावरनं, फ्रॉकवरनं ओघळत. संपवला, तोंड पुसलं आणि तांब्या परत पुढं केला.

"अजून."